सोडली नाही, काढलं

इरा, तुझी नोकरी गेली हे तू मला आठ दिवसांनी सांगितलंस, आणि तेही हसत. "आजी, टेन्शन नको घेऊस, मी ठीक आहे," म्हणालीस. कंपनीने जाताना एक अ‍ॅप दिलंय, त्यात श्वासाचे व्यायाम आहेत, रोज सकाळी एक चांगलं वाक्य येतं, असंही म्हणालीस. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन तीन डबे घासले. घासलेलेच होते ते. मला राग आला होता आणि तुला तो आला नव्हता, किंवा आला असला तरी तू मला दाखवला नव्हतास.

म्हणून हे लिहिते आहे. निखिल, तूही वाच. तुझी नोकरी अजून आहे म्हणून तुझी सुटका नाही. उपदेश करणार नाही. नोकरी जाण्याचा मला अनुभव नाही. परळच्या एकाच संस्थेत एकतीस वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं, शेवटच्या दिवशी हार घालून घेतला आणि घरी आले. पण सुनंदा तांबेची नोकरी गेली तेव्हा मी जवळ होते, आणि त्यात माझाही हात लागला. क्रमाने सांगते.

सुनंदा आमच्या शाळेला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. सहायक म्हणजे काय, तर शिक्षक फळ्यावर लिहून निघून जायचे आणि बाकी सगळं ती करायची. द्रावणं तयार करायची, बर्नर लावायची, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या दर सुट्टीत नव्याने लिहायची. शाळेच्या घंटेच्या अर्धा तास आधी येऊन ती सगळ्या खिडक्या उघडायची. "कालचा वास कालच्याबरोबर जाऊ दे," म्हणायची. संस्था पांढरे एप्रन फक्त शिक्षकांना द्यायची. सुनंदाने घरच्या मशीनवर स्वतःसाठी निळा एप्रन शिवला आणि ऑफिसात जाऊन विचारलं, "अ‍ॅसिडला कळतं का हो, कोण शिक्षक आणि कोण शिक्षक नाही ते?" ती दर वर्षी जूनमध्ये हा प्रश्न विचारायची. उत्तर मिळेल म्हणून नाही; विसरले असतील म्हणून.

तिच्याकडे एक तुटफूट वही होती. काचेची वस्तू कुणाच्या हातून फुटली तर त्या मुलाने त्या वहीत स्वतः लिहायचं: नाव, वस्तू, आणि कशी फुटली. दंड नाही, शिक्षा नाही, पण लिहायचं खरं. "हातातून पडली" असं लिहिलेलं तिला चालायचं नाही. "पडली कशी? तिला पाय होते का? तू काय करत होतास ते लिही." एका मुलाने एकदा लिहिलं, "मी पलीकडच्या टेबलावरच्या मुलीकडे बघत होतो." सुनंदाने वाचलं, वही मिटली आणि म्हणाली, "शाब्बास. आता बर्नरकडे बघ, नाहीतर ती तुझ्याकडे बघणार नाही." मुलं तिला घाबरायची, पण फुटलेली काच कधी कुणी बाकाखाली सारली नाही. "लपवलेली काच दुसऱ्याच्या पायात जाते," हे तिचं वाक्य. डॉक्टर झालेली आमची मुलं भेटली की रसायनशास्त्रातलं एकही समीकरण त्यांना आठवत नाही, हे वाक्य आठवतं.

एक नवीन शिक्षक आले होते. चांगला मुलगा, मोठी पदवी, पण हात कच्चा. वर्गाला दाखवताना ते तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये वरून पाणी ओतायला निघाले. सुनंदाने त्यांचं मनगट धरलं, सगळ्या मुलांसमोर. त्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली की चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने हाताला धरलं, अपमान झाला. प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "सर, मी हात धरला नसता तर आत्ता ते डोळे धरून बसले असते." मग दारातून मागे वळून, "आणि मी चतुर्थश्रेणी नाही. सहायक आहे. नेमणुकीचं पत्र काढून बघा."

तिचं सगळं बोलणं असंच असायचं, कागदाला धरून. भोईवाड्याच्या चाळीत वाढलेली मुलगी. वडील गिरणीतून बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हातात कसलाही कागद नव्हता, हे तिने मला एकदाच सांगितलं होतं. "बाबा शेवटपर्यंत सांगायचे, मी काम सोडलं नव्हतं. ऐकणार कोण? कागद कुठाय?"

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी संस्थेत नवी माणसं आली. जुन्या विश्वस्तांच्या नातवाने कारभार हातात घेतला. फाटकाला काचेचं दार लागलं, प्रार्थना व्हायची तिथे चाकांची गोल टेबलं आली, शाळेला एचआर नावाचा विभाग आला. मग एका सोमवारी बारा शिक्षकेतर माणसांना सभागृहात बोलावलं. चहा, बिस्किटं, आणि एक हसरा प्रशिक्षक. त्याने प्रत्येकाच्या हातात एक फुगा दिला. म्हणाला, तुमच्या मनात जी भीती असेल, जो राग असेल, तो या फुग्यात फुंका आणि सोडून द्या. बदल म्हणजे संधी.

ही हकिकत मला ग्रंथालयातल्या क्लार्कने सांगितली. अकरा माणसांनी फुगे फुगवले. पन्नाशीची माणसं, कुणी हार्टचं औषध घेणारी, गाल फुगवून फुंकत होती. सुनंदाने फुगा टेबलावर ठेवला.

प्रशिक्षक म्हणाला, "ताई, ट्राय तो करो. हलकं वाटेल."

"नको. माझा राग मला घरी न्यायचाय."

मग कागद वाटले. इंग्रजीत, टाइप केलेले, नाव घातलेले. मी व्यक्तिगत कारणांसाठी स्वेच्छेने राजीनामा देत आहे. अकरा जणांनी तिथेच सह्या केल्या. सुनंदा कागद घडी करून निघाली आणि दादरला माझ्या घरी आली.

चोवीस वर्षांच्या ओळखीत ती पहिल्यांदाच माझ्या घरी येत होती. हे लिहिताना मला खटकतं. ती आली नव्हती याचं कारण साधं आहे: मी बोलावलं नव्हतं. मी तिला अगं-तूगं करायची, ती मला तुम्ही आणि बाई म्हणायची, आणि ती वयाने लहान आहे म्हणून तसं आहे, असं मी स्वतःला सांगत आले होते.

"बाई, इंग्लिश आहे. मला समजलंय, पण जे समजलं ते बरोबर आहे का, एवढंच विचारायला आले."

मी वाचलं. "यात लिहिलंय की तू तुझ्या मर्जीने नोकरी सोडते आहेस."

"म्हणजे बरोबर समजलं होतं."

"सही करू नकोस, सुनंदा."

"नाही करणार. ते ठरवूनच आले. तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं."

तिने सही केली नाही. मग शनिवारपर्यंत या, सोमवारपासून येऊ नका, एजन्सीची माणसं येतील, असं तिला फोनवर तोंडी सांगितलं. लेखी काही नाही. तिने मला फोन केला, आणि इथे मी मध्ये पडले.

तुम्ही दोघं मला ओळखता. माझ्या कपाटात चादरी रंगांनुसार लावलेल्या असतात. घर सोडताना मी गॅस तीन वेळा बघते. मी सुनंदाला म्हटलं, "तू नीट चार्ज दे. यादी कर, मोजून दे, सही घे. उद्या कुणी म्हणायला नको की तांबेबाई पसारा टाकून गेल्या."

ती म्हणाली, "बाई, मी जात नाहीये. मला घालवतायत. मग चार्ज मी कशाला देऊ?"

"तुझं नाव स्वच्छ राहायला हवं."

"माझं नाव घाण कधी झालं?"

पण मी ऐकलं नाही. आपल्या घरात हीच रीत होती: बदली असो, निवृत्ती असो, माणसाने खुर्ची सोडताना टेबल पुसून सोडायचं. माझ्या वडिलांनी तसं केलं, तुमच्या आजोबांनी तसं केलं. त्या सगळ्यांना जाताना हार मिळाले होते, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. गुरुवारी मी स्वतः परळला गेले, स्टुलावर बसले, आणि ती मोजत गेली तसं मी लिहीत गेले. ब्युरेट, पिपेट, चंचुपात्रं, मोजनळ्या, तराजूची वजनं. तीन दिवस. इंग्रजीत, माझ्या वळणदार अक्षरात, क्रमांक घालून, वर ठळक शीर्षक: कार्यभार हस्तांतर. खाली सुनंदाची सही आणि एजन्सीच्या मुलीची. मला, खरं सांगते, समाधान वाटलं होतं.

नंतरचे महिने सुनंदाने जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. तिने लपवलं नाही. नवरा मोहन शांत माणूस, इस्पितळातून वॉर्डबॉय म्हणून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं होतं की लोकांना रिटायरमेंट घेतली सांगावं. नणंद म्हणाली, सोडली सांग, बरं दिसतं. भाजीवाला, मुलीच्या सासरचे, रविवारी विहारात भेटणारे, सगळे विचारायचे, "नोकरी सोडलीत म्हणे?" आणि सुनंदा प्रत्येकाला थांबवून सांगायची, "सोडली नाही. काढलं." एका बारशात नणंदेने तिला पदर ओढून गप्प करायचा प्रयत्न केला. सुनंदा म्हणाली, "वन्सं, लाज त्यांनी बाळगायची. मी का त्यांची लाज डोक्यावर घेऊन फिरू?"

तिला दुःख नव्हतं असं समजू नका. एकदा माझ्याकडे बसली असताना तिने दोन्ही तळवे नाकाशी नेले. "बाई, हाताला वास येत नाही आता. चोवीस वर्षं जेवायला बसले की या वासाचा वैताग यायचा. आता घास तोंडाशी नेला की काहीतरी विसरल्यासारखं होतं." एवढंच बोलली आणि विषय बदलला. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होते, ठेवला नाही. तिला आवडलं नसतं असं मी ठरवून टाकलं.

नवीन काम ती शोधतच होती. माटुंग्याच्या एका क्लासमध्ये मुलाखतीला गेली. त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? ही म्हणाली, काढलं. समोरचा म्हणाला, "मॅडम, असं नका सांगू, इम्प्रेशन खराब होतं." ही म्हणाली, "माझं की त्यांचं?" काम मिळालं नाही. दुसरीकडेही तेच. मी म्हटलं, सुनंदा, थोडं गोड बोललीस तर काय बिघडेल? ती म्हणाली, "गोड बोलून अकरा जण घरी बसलेत. मी तिखट बोलून घरी बसले. फरक एवढाच, की मला झोप लागते."

शेवटी प्रभादेवीला पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "का काढलं?" "मला कारण दिलेलं नाही. तुम्हाला दिलं तर मलाही सांगा." ते हसले आणि उद्यापासून या म्हणाले. काम काचेची भांडी धुण्याचं होतं. म्हणजे चोवीस वर्षांपूर्वी तिने जिथून सुरुवात केली होती तिथे. ती गेली. "काम आहे, करते. पण हे ते नाही, आणि ते हे आहे असं मी म्हणणार नाही."

तिला एकच गोष्ट हवी होती. नोकरी परत मिळणार नाही हे तिला केव्हाच कळलं होतं, कारण प्रयोगशाळेतले ओटे फोडून तिथे गाद्या टाकल्या होत्या. मुलं आता तिथे लोळत विचार करतात म्हणे. तिला एक कागद हवा होता, संस्थेच्या शिक्क्याचा, ज्यावर लिहिलेलं असेल की सुनंदा तांबे यांना संस्थेने कामावरून कमी केलं. "बाबांकडे नव्हता. माझ्याकडे असणार." त्यासाठी तिने लेबर ऑफिसात अर्ज केला.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला मी तिच्याबरोबर गेले. संस्थेच्या वकिलाने एक फाइल उघडली आणि अधिकाऱ्यांसमोर माझी यादी ठेवली.

"सर, तांबेबाईंनी स्वतः, कोणाच्या दबावाशिवाय, तीन दिवस बसून चार्ज दिलेला आहे. काढलेला माणूस असं करतो का? राजीनाम्यावर सही राहिली एवढंच. मनाने या गेलेल्याच होत्या."

अधिकाऱ्यांनी पानं उलटली. "फारच व्यवस्थित आहे," म्हणाले.

माझं अक्षर. एकतीस वर्षं फळ्यावर ज्याचं कौतुक झालं ते अक्षर तिथे तिच्या विरोधात साक्ष देत होतं. सुनंदा माझ्याकडे बघत नव्हती. बाहेर जिन्यात मी म्हटलं, "सुनंदा, मला माफ कर."

"माफी नको, बाई. लिहून द्या."

"काय?"

"काय फुटलं, कोणाच्या हातून, कसं. नावासकट."

आणि ती एकटी निघून गेली.

मी चार दिवस लावले. तुम्हाला खोटं सांगणार नाही. लिहून द्यायचं म्हणजे संस्थेविरुद्ध उभं राहायचं. त्या संस्थेत माझ्या नावाने दर वर्षी इंग्रजीचं बक्षीस देतात, ते मी स्टेजवर जाऊन देते. पहिल्या दिवशी मी मसुदा केला आणि त्यात "गैरसमजातून" असा शब्द घातला. दुसऱ्या दिवशी तो फाडला. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांचा फोन आला. कसं कळलं कोण जाणे. "बाई, तुम्ही तर आपल्या आहात," ते म्हणाले.

त्या "आपल्या"ने मला जागं केलं. चोवीस वर्षं रोज अर्धा तास आधी येऊन खिडक्या उघडणारी बाई आपली नव्हती, आणि मी आपली होते. का, ते मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. मी फोन ठेवला आणि एका बैठकीत लिहिलं. संस्थेने तोंडी काढल्यानंतर, तांबे यांची इच्छा नसताना, माझ्या आग्रहावरून यादी झाली. त्यांनी दोनदा नकार दिला होता. मी ऐकलं नाही. खाली पूर्ण नाव आणि सही. पुढच्या तारखेला मी ते अधिकाऱ्यांसमोर मोठ्याने वाचलं. प्राचार्य खाली बघत होते. सुनंदा सरळ माझ्याकडे बघत होती, तुटफूट वहीत लिहिणाऱ्या मुलांकडे बघायची तशी.

आणखी दोन तारखा गेल्या आणि संस्थेने कागद द्यायचं कबूल केलं. आम्हाला सकाळी नऊला बोलावलं होतं. काचेच्या दारातून आत गेलो तर टेबलावर पुष्पगुच्छ, चहा, आणि फोटो काढायला एक माणूस उभा. एचआरच्या मुलीने कागद पुढे केला. सुनंदाने तो उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला, जावक क्रमांकासकट. सेवा संस्थेने समाप्त केली आहे. मग चष्मा काढून म्हणाली, "शिक्का अर्धा उमटलाय. परत मारा."

परत मारला.

मुलगी म्हणाली, "सुनंदाजी, आता सगळं मिटलं ना? एक फोटो घेऊ या?"

"मिटलं नाही. कागद मिळाला."

पुष्पगुच्छ तिथेच राहिला. माझा चहाही. पुढच्या वर्षीचं बक्षीस द्यायला मी गेले नाही, त्यांनी बोलावलंही नाही.

आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत आलो. तिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, ती पिशवी पर्समध्ये, पर्स काखेत. मला वाटलं आता ती रडेल किंवा हसेल. ती म्हणाली, "बाई, मला वाटलं होतं कागद हातात आला की राग जाईल."

"नाही गेला?"

"नाही ना. आहे तिथेच आहे." तिने काखेतली पर्स सारखी केली. "असू दे. जेवण जातंय, झोप लागतेय, काम होतंय. राहू दे त्याला."

इरा, मी तिला फक्त म्हटलं, रविवारी घरी जेवायला ये, मोहनला घेऊन. ती म्हणाली, "आधी तुम्ही या. आमच्याकडे कधी आला नाहीत." तेवढ्यात प्रभादेवीकडे जाणारी बस आली. साडेदहाला तिला कामावर हजर व्हायचं होतं. ती चढली. बस भरलेली होती. बायकांसाठी राखीव सीटवर एक धडधाकट गृहस्थ मोबाइल बघत बसले होते, आणि खिडकीतून मला दिसलं, सुनंदा त्यांच्यासमोर उभी राहून वरच्या पाटीकडे बोट दाखवत होती. ते काहीतरी म्हणाले. तिने बोट खाली घेतलं नाही. बस हलली, वळणावर आली, तेव्हा ते गृहस्थ दांडा धरून उभे होते आणि सुनंदा बसली होती.